दीड लिटर

मे महिना, पारा सेहेचाळीसवर.
मानकापूरच्या या दोन खोल्यांत
सगळ्यात जास्त पाणी कूलर पितो,
संध्याकाळपासून तीन बादल्या, आणि वर घोरतो.
मला दीड लिटर. दिवसाचं. मोजून.
चहा, पातळ वरण, गोळीवरचा घोट, सगळं धरून.
चंद्रकलेनं खुणांचा जार आणलाय,
ओट्यावर तो बसलेला असतो मुनीमासारखा.

सकाळी वजनकाट्यावर उभं राहायचं.
दोन दिवसांत दोन किलो वाढले तर फोन करायचा.
पायावर अंगठा दाबून
खळगा किती वेळ राहतो ते बघायचं.
आज एकवीसपर्यंत मोजलं.
भर उन्हाळ्यात पाय पाण्यानं टम्म
आणि जीभ कोरडीठाक.
असली लॉगशीट कोराडीच्या चौतीस वर्षांत
माझ्या हातून कधी भरली गेली नाही.

डॉक्टर म्हणाले, पंपिंग पंचवीस टक्के.
मी कंट्रोल रूमचा माणूस. विचारलं,
लोड कमी आहे, कळलं. पण कोळसा? कोळसा येतोय ना?
ते नुसते हसले.
सांगितलं श्वेतलनं, घरी आल्यावर,
मोबाइलवर काळापांढरा फोटो मोठा करून.
"हे मायटोकॉन्ड्रिया, बाबा. हृदयाच्या एकेका पेशीत हजारो.
आतल्या घड्या पाहा, किती नीट. अन् हे आजारी."
दुसऱ्या फोटोत फुगलेले, फाटके,
घड्या विस्कटलेल्या,
वऱ्हाड निघून गेल्यावरच्या गाद्यांसारख्या.

कोळसा येतो म्हणे. चरबी, साखर, रक्तात सगळं आहे.
नीट जळत नाही.
ठिणग्या गळतात, आपल्याच भिंती भाजतात.
हे मला कुणी समजवायला नको.
बंकर भरलेला आणि भट्टीत ज्योत धरत नाही,
अशा रात्री काढल्यात मी.
पण तिथे एक युनिट बसलं
तर चंद्रपूर धावून यायचं.
इथे कोण येणार?

"साठा किती राहतो?"
"काही सेकंदांचा."
म्हणजे हातावर पोट.
सत्तर वर्षं हा गडी कमावतो आणि तिथल्या तिथे खातो,
उद्यासाठी पदरात चिमूटभर बांधत नाही,
आणि मी त्याला मन समजत होतो.

मग ती म्हणाली, हे फक्त आईकडून येतात.
बापाकडून नाही.

आई. गेंदाबाई. एम्प्रेस मिल, रीलिंग खातं.
संध्याकाळी तिच्या पायांवर चपलेच्या पट्ट्याचा
खोल वळ असायचा.
आम्ही म्हणायचो, उभ्यानं काम, थकवा.
"म्हणजे तिच्याकडूनच आलं हे?"
"नाही हो. बीपी. पंधरा वर्षं
गोळी खायाले नाही कोण म्हणत होतं?"
मी पंख्याकडे पाहिलं.
"अन् तुझ्यात माझं?"
"यातलं काहीच नाही, बाबा. माझं सगळं आईचं."
चंद्रकला भेंडी चिरत होती. वर न बघता म्हणाली,
"बरं झालं ना मंग."

बरंच झालं.
आक्का तर लेकराविनाच गेली.
म्हणजे कुठल्या कुठल्या बायकांच्या पोटांतून
विस्तव मागून आणावा तशी आलेली ही आग
माझ्यापाशी थांबते.
सेवानिवृत्तीचा फॉर्म भरतानाही
इतकं शेवटचं वाटलं नव्हतं.

पावणेतीनला लाइट गेली.
कूलर धाप टाकून थांबला.
कुठला फीडर पडला, सवयीनं कान लावला,
तर छातीतलंच ऐकू आलं, घाईघाईचं, अर्धवट.
तीन उशांवरून उठून बसलो.
जारमध्ये ऐंशी मिली उरलेलं,
पहाटेसाठी राखलेलं.

मिलचा भोंगा झाला की थोड्या वेळानं
आई दारातच, चप्पल न काढता,
तांब्या वर धरून पाणी प्यायची.
ओठ लावायची नाही.
गळा हलताना दिसायचा.

खाटेचा खूर धरून मी उभा राहिलो,
जार वर धरला.
थोडं मानेवरून बनियनमध्ये गेलं.
ते हिशेबात धरायचं की नाही,
सकाळी विचारीन.