हात पिवळे

ओट्मारचे हात पिवळे झाले
ते लग्नाच्या चार वर्षं आधी,
ऱ्हाइनकाठच्या कारखान्यात.
सात नंबरच्या शेडमधल्यांना बाकीचे दुरूनच ओळखत:
मान, कानाच्या पाळ्या, नखांची मुळं,
सगळं पिवळं धमक.

भुकटी इतकी हलकी,
की पिंपाचं झाकण सरकलं
की माणसाआधी तीच श्वास घेई.
तिथून ती जाई पाकिटांच्या कागदात,
हातमोज्यांच्या कातड्यात, तागात,
केळ्यांच्या खोक्यांवरच्या पट्ट्यांत.
'पाण्याला आधण येऊ देऊ नये, रंग मरतो'
एवढंच पिंपावर छापलेलं.
माणसांबद्दल काही छापलेलं नव्हतं.

वाल्बुर्गा उशीचे अभ्रे उकळून काढी.
रंग मरे.
दुसऱ्या सकाळी पुन्हा तिथेच,
डोक्याएवढा गोल.

रविवारी चर्चमध्ये तो हात खिशात ठेवी.
प्रार्थनेला मात्र काढावेच लागत.

मग एका मार्चमध्ये लघवी लाल झाली.
पिवळ्यातून लाल कसं निघतं
ते कुठल्याच रंगतक्त्यात नव्हतं.
त्याच शेडमधले आणखी तिघे त्याच वाटेने गेले.
कारखान्याने फुलं पाठवली. पांढरी.

इर्मगार्ड, त्याची मुलगी,
डोंगरातल्या क्षयरुग्णालयात काचा तपासते.
थुंकीचा पातळ थर, त्यावर तीच भुकटी
फिनॉलच्या पाण्यात विरघळवलेली.
पंधरा मिनिटं. मग आम्ल, मग स्पिरिट.
सगळं धुऊन जातं,
फक्त क्षयाचे जंतू
एकदा धरलेला रंग सोडत नाहीत.
अंधाऱ्या खोलीत, निळ्या उजेडात,
काळ्यावर बारीक पिवळ्या काड्या.
तेवीस, ती लिहिते. पलंग अकरा.
मुलगा एकोणीस वर्षांचा आहे.
हल्ली गोळ्या आहेत, वाचेल बहुतेक.

बाटलीवरचं नाव तिने
वाचायला शिकायच्या आधी पाहिलंय,
बापाच्या एप्रनवर.
ती हातमोजे घालते. दोन जोड, एकावर एक.

एकदा, ड्यूटी संपल्यावर,
तिने पर्समधून त्याचं प्रार्थनेचं पुस्तक काढलं,
दार लावलं, निळा दिवा तेवढा ठेवला
आणि पान उघडलं.
कोपऱ्याकोपऱ्यांत, जिथे अंगठा पान उलटे,
वर्तुळामागे वर्तुळ, रेघ न् रेघ,
पिवळं पेटलेलं.

ती बघत राहिली. मग,
सवयच ती,
मोजू लागली.