सर्व्हे नंबर एकशे बारा, पडीक

आठ हजार माणसांचं नगर
मी स्कूटरला आडवं बांधून आणलं होतं,
प्लास्टिकच्या नळीत गुंडाळून.
खवळेवाडीच्या सड्यावर कागद उलगडला
आणि वाऱ्याने पहिली हरकत नोंदवली.
मग चारी कोपऱ्यांवर जांभ्याचे दगड ठेवले.

पिवळा म्हणजे राहती घरं. निळा, बाजार.
छपरांवर ऊन साठवणाऱ्या काचा,
सांडपाण्याच्या दोन वेगळ्या वाटा,
कुठल्याही दारापासून शाळा दहा मिनिटं चालत,
मोटारी वेशीबाहेर.
तीन वर्षं मनात बोलत आले होते
तसंच मी बोलत होते,
समुद्राकडे पाठ करून.

द्रौपदी कुबल उकिडव्या बसल्या होत्या.
चष्म्याची एक काडी दोऱ्याची.
शहरातून येणाऱ्यांच्या गोष्टींत
म्हातारी माणसं नकाशा उलटा धरतात.
त्यांनी धरला नाही.
बोट थेट मधल्या पांढऱ्या तुकड्यावर टेकलं.
"ह्यां काय?"
"पडीक," मी म्हणाले.
सातबाऱ्यावर तसंच आहे, पोटखराब.
म्हणून पहिला टप्पा तिथे.
साडेतीनशे घरं.

त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.
ओच्यात काजूच्या बिया होत्या,
त्यांतली एकेक काढून
माझ्या नगरावर ठेवत गेल्या.
"हंयसर श्रावणात पाणी ऱ्हवता. ढोरां पितत."
"हंयसून ता खाली मुरता.
आमची बाव वैशाखात आटणा नाय, ती ह्येच्यामुळां."
"हंय टिटवी अंडी घालता."
"हंय..." थोडं थांबून,
"हंय कायएक नाय,"
आणि ती बी परत ओच्यात.

बावीस बिया. मी मोजल्या, सवयीने.
सड्याच्या माथ्यावरून खाजणापर्यंत
एक वाकडी रेघ उतरत होती,
नेमकी तिथून, जिथे माझी
सगळ्यात सुंदर, सगळ्यात सरळ गल्ली होती.

"आणि बांगडे खंय सुकत घालूचे?"

मी रंगसूची पाहिली.
सूचीत वासाला रंग नव्हता.
"बाल्कनी आहे ना," मी म्हणाले,
आणि म्हणता म्हणताच मला
अजून न जन्मलेल्या सोसायटीचा सचिव दिसला,
चौथ्या मजल्यावर,
तक्रारीच्या अर्जाला तारीख घालताना.
"बांगड्याक वारो लागता," त्या म्हणाल्या,
"आणि कावळ्यांक बघूक चार डोळे.
एकट्याच्या घरात म्हावरां सुकणा नाय."

हे वाक्य मी वहीत उतरवलं,
खाली रेघ मारली,
आणि मग लाज वाटली, कारण
अहवालात ते कुठल्या परिच्छेदात जाणार
याचाच विचार मी आधी केला होता.

त्या रात्री लॉजवर, पंख्याखाली,
मी गल्ली वाकवली.
सरळ रेघ वाकवायला हात इतका का दुखतो
कोण जाणे.
घरं सड्याच्या कडेला सरकवली, दाटीने,
भिंतीला भिंत लावून.
दोनशे ऐंशी मावली.
मधल्या तुकड्याला रंग दिला नाही,
फक्त "पडीक" खोडून
"पाणी, चार महिने" असं लिहिलं.
खळ्यासारखं एक मैदान काढलं, वाऱ्याच्या तोंडाशी,
आजूबाजूच्या सगळ्या ओट्यांवरून दिसेल असं.
सूचीत नवा चौकोन: वाळवण.
त्याचा रंग अजून ठरलेला नाही.

ऑफिसने विचारलं, सत्तर घरं कुठे गेली?
मी लिहिलं: पाण्यात.
मग खोडून: पाण्यासाठी.
ते म्हणाले, सत्तर घरांत पुलाचा खर्च निघतो.
खरं आहे. निघतो.

दिवाळीनंतर मंजुरीची बैठक.
लांब टेबल, काचेचे पेले,
माझा नंबर सातवा.
नळी उभी केली तर
आत काहीतरी खडखडलं.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
कागदाआधी तीच घरंगळत बाहेर आली,
टेबलावर, पाण्याच्या पेल्याला लागून थांबली.

तेविसावी बी.

ती कुठे ठेवायची होती,
मला कुणी सांगितलं नव्हतं.