खसखस

फेअरपोर्ट हार्बरच्या धक्क्यावर
डीलियानं जाळं उलटं करून धुतलं.
अर्धा तास बोटीमागं ओढलं होतं,
एरी सरोवराच्या वरच्यावर,
साय काढावी तसं.
बरणीत उतरलं: शेवाळ, दोन पिसं, एक मेलेली माशी,
आणि तळाशी नाही, वर तरंगत
खसखस.

निळी.

मी म्हटलं, हा निळा माझ्या ओळखीचा आहे.
एकतीस वर्षं विकलाय मी तो,
औषधांच्या दुकानात, तिसऱ्या फळीवर,
बरोबर डोळ्यांसमोर.
मुली झाकण उघडून वास घ्यायच्या.
एटेल्का सांगते म्हणजे चांगलंच असणार, म्हणायच्या.
सरोवराखालच्या खाणीतून वर आलेला लास्लोसुद्धा न्यायचा एक ट्यूब,
कानामागचं मीठ निघत नाही म्हणून.

आई नाताळात खसखशीची गुंडाळी करायची.
नीट दळली नाही तर दातांत अडकते, म्हणायची.
ही दळली जात नाही.
अडकतही नाही कुठं.
मोरीतून, नळातून, सांडपाण्याच्या शेवटच्या चाळणीतून
अलगद निघून जाते,
लग्नातून न जेवता निघालेल्या पाहुण्यासारखी.

गेझा पर्च मासे सोलायचा मागच्या पायरीवर.
आतडी मांजराला.
ती कधी चिरून पाहिली नाहीत आम्ही.
आतड्यांत काय पाहायचं असतं?

डीलिया चिमट्यानं मोजत होती. चौतीस.
आता बंदी आहे मावशी, ती म्हणाली.
मग ही?
ही आधीची.

आधीची म्हणजे कुणाची, ते तिनं विचारलं नाही.
मुलगी गुणी आहे.
मी पाण्याकडे पाहत राहिले.
याच्याकडे आता काही मागायला गेले
तर म्हणेल, तोंड धुऊन ये,
आणि त्याचं काही चुकणार नाही.

घरी सिंकखालच्या कपाटात
अर्धा ट्यूब निघाला.
पिळून टाकावा, तर कुठं जातो ते आत्ताच पाहून आले.
कचऱ्यात टाकावा, तर कचरा तरी
कुठं जातो, कुणास ठाऊक.
खिडकीत उभा करून ठेवलाय.
संध्याकाळी ऊन आलं की आतले कण दिसतात,
आणि मागं, थोडी तिरकी,
माझ्याच हातानं चिकटवलेली किंमत.