विसण

गीझर गेला तेव्हा आवाज झाला नाही.
सकाळी भिंतीवर एक ओला ओघळ होता,
आणि नळाखाली धरलेल्या माझ्या हाताला
निफाडची थंडी लागली.

तौफिकनं झाकण काढून दाखवलं,
आत अठरा वर्षांचं बोअरचं पाणी
पांढरं होऊन बसलेलं, नखानं खरवडलं तर चुना.
"काका, टाकीच गेली.
आता हिला वेल्डिंग म्हणजे
मेलेल्याला चष्मा."

मग चौकश्या.
सोलर म्हटलं तर सेक्रेटरी खैरनार
गच्चीचा कागद घेऊन आले:
सात टाक्या, डिशच्या छत्र्या, कुणाचे तरी वाळत घातलेले पापड,
आणि तिथून आमच्या पहिल्या मजल्यापर्यंत
गरम पाणी पोचेस्तोवर
दीड बादली थंड वाहून जाणार.
दीड बादली! प्रमिलानं कपाळाला हात लावला.

गॅसचा स्वस्त, झटपट.
पण तौफिक खिडकीकडे बघत राहिला.
वीतभर खिडकी,
तीही थंडीसाठी पुठ्ठा लावून बंद केलेली.
"मी नाही बसवणार," एवढंच म्हणाला.
कुणाचं तरी घर आठवत असावं त्याला.

बिटकोच्या पुढच्या दुकानात
पोरगा विचारतो, घरात माणसं किती?
मी प्रेसमध्ये छत्तीस वर्षं मोजण्याचंच काम केलं,
गड्डीत एक नोट कमी असली
तर अंगठ्याला कळायची.
तरी तोंडून निघालं, पाच.
प्रमिला काचेतल्या नळांकडे बघत म्हणाली, दोन.

मग पंधरा लिटर पुरे, तो म्हणाला.
टाकीवर सात वर्षांची गॅरंटी.
"आणि आमच्यावर किती?" तिनं विचारलं.
हसावं की नाही ते न कळून
पोरगा खणात शिक्का शोधू लागला.

विचार करून सांगतो, म्हणून आलो.
त्याला आज नऊ दिवस झाले.

नऊ दिवस पातेल्यात पाणी तापतंय,
त्याच पातेल्यात, ज्यात फक्त पाहुणे आले की भात व्हायचा.
साडेसहाला हाक येते,
"अहो, पाणी काढलंय."
अठरा वर्षांत हे वाक्य या घरात
कोणी बोललं नव्हतं.
नळ फिरवायचा, लाल टिकली, निळी टिकली,
सांगायचं कोणी, कुणाला.

मी फडक्यानं पातेलं उचलतो, ती दार धरते.
वाफेत तिचा चष्मा जातो.
"सरका," म्हणते,
आणि तांब्यातांब्यानं विसण घालते,
तान्ह्यासाठी बघतात तसं कोपर बुडवून बघते.
दोन तांबे. थांबून, अजून अर्धा.

प्रेसमधून हाताला शाई घेऊन यायचो
तेव्हा एकही घालू द्यायचो नाही.
तिला ते आठवतं.
आता कातडी पातळ झालीय, हेही
तिला मी न सांगता ठाऊक.

तिच्या पाण्याचं मला काही माहीत नव्हतं.
पहिल्या दिवशी विचारलं तर म्हणाली, घाला अंदाजानं.
तिसऱ्या दिवशी चटका बसला.
पाचव्या दिवशी कुडकुडत बाहेर आली,
बोलली नाही, दोनदा चहा घेतला.
काल आतून फक्त तांब्याचा आवाज आला.
म्हणजे बहुतेक जमलं.
तीन तांबे, काठोकाठ नाही.
कॅलेंडरवर लिहून ठेवलंय, दुधाच्या हिशेबाखाली.

तौफिकचा फोन येऊन गेला.
तिचे गुडघे, माझी पाठ, ओली फरशी,
गीझर तर घ्यायलाच हवा.
उद्या आणू, मी म्हणालो.

"उद्या नको," पातेलं घासता घासता ती म्हणाली,
"उद्या अमावस्या."

मी कॅलेंडरकडे बघितलं.
अमावस्या होऊन चार दिवस झालेत.