पालाचिंता

सेगेदच्या इस्पितळात, डायलिसिसच्या खाटेशेजारी
आहारतज्ज्ञ बाई कागदावर मधोमध रेघ ओढते.
डावीकडे बेकिंग पावडर, चमचाभर:
सोडियम साडेचारशे मिलिग्रॅम, कॅल्शियम, फॉस्फेट,
चिमूटभर पिष्ट.
उजवीकडे सोडावॉटर, पेलाभर:
शून्य. शून्य. शून्य. शून्य.

"तर केक बंद. सोडा चालेल, तोही मोजून."

ड्योमे हसतो.
एकेचाळीस वर्षं निळ्या बाटल्यांत
त्याने हेच शून्य भरलं,
तिसाकाठच्या घराघरांत हातगाडीने पोचवलं,
शून्यावरच दोघी पोरी शिकवल्या,
घराची कौलं बदलली.

रोझालिया हसत नाही.
तिच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला
अक्रोडाचा केक अजून कोमट आहे.
"पण वायू एकच ना?
ह्याच्या बाटलीतला नि माझ्या पिठातला?"
बाईचं पेन थांबतं. एकच.
कागदावर त्याला रकाना नाही.

रात्री ती पावडरीचा डबा
वरच्या फळीवर ठेवते, स्टूल घेऊन,
म्हणजे सहज हात जायला नको.
मग पातळ पिठावर बाटलीची कळ दाबते.
फुर्रर्र.
पीठ दचकतं, डोळे उघडतं.

त्यांच्याकडे ह्या धिरड्याला पालाचिंता म्हणतात.
चिंता बिंता काही नाही त्यात,
नुसती जाळी, कडेला किंचित करपलेली.

"मीठ विसरलीस," ड्योमे म्हणतो.
"विसरले नाही."
तो दुसरं मागतो.