आयत्या वेळचे विषय

सभा चिंचेखाली. वेळ : पाणी उतरायच्या आधी.
हजर सहा.
गैरहजर एक, पण तिचं स्टूल कुणी हलवलं नाही
आणि त्यावर कुणी बसलंही नाही.

मी सचिव, वही माझ्याकडे.
अध्यक्ष त्सिआवी. त्यांना वाचता येत नाही,
पण वाऱ्याचं पुढचं वाक्य आधी कळतं.
होड्यांना उलांड्या बसवणारा वेलोंजारा.
लिनाह, अष्टपाद वाळवते, बोलता बोलता मोजते.
फेलिसिते, आणि तिचा न बोलणारा दीर.
राजधानीतल्या कार्यालयाच्या कागदावर आम्ही ‘विश्वस्त मंडळ’.
इथे किनाऱ्यावर म्हणतात, ‘ते पेटीवाले’.

पेटी पत्र्याची, निळी, एका कोपऱ्यात गंजलेली.
पैसे आत टाकायला झाकणाला एक फट,
बाहेर काढायला तीन कुलुपं.
दोन किल्ल्या आमच्यात आहेत.
तिसरी सोआझाराच्या अंगवस्त्राच्या गाठीत होती
आणि ती गाठ न सोडताच
आम्ही तिला काटेरी रानात ठेवून आलो,
गोरखचिंचांच्या पलीकडे.
तिथून काही मागून आणायचं नसतं.

विषय पहिला : कुलूप तोडणे.
सूचक वेलोंजारा.
अनुमोदक... बराच वेळ कुणीच नाही.
कारण तिची किल्ली लागायची ती प्रश्नांनंतर :
कशाला? कुणाला? आणि उरलेले कुठे?
विहिरीचा पंप असो की तिवरांची रोपं,
गस्तीच्या होडीचं शीड असो,
ती तेवढंच विचारायची
आणि उत्तर मिळेपर्यंत मासे साफ करत राहायची.
शेवटी दीर बोलला. वर्षातलं पहिलं वाक्य :
‘पंप बंद आहे. करवत आणा.’

लोखंडावर लोखंड. मुलं कानांवर हात ठेवून हसली.
मग लिनाहनं मोजले. मग पुन्हा मोजले.
वहीत चार लाख बारा हजार एरिअरी.
पेटीत चार लाख बावीस.

कमी भरले असते तर भांडता आलं असतं.
जास्तीवर कुणाशी भांडणार?
कार्यालयाच्या तक्त्यात तुटीला रकाना आहे,
वाढीला नाही.
‘तिनंच कुठेतरी बेरीज चुकवली असेल,’ फेलिसिते म्हणाली.
सोआझारानं. बेरीज.
कुणीच काही बोललं नाही.

दहा हजार.
आमच्या नियमांत हा आकडा एकाच जागी येतो :
बंदीच्या दिवसांत खडकावरून अष्टपाद उचलणाऱ्याला दंड.

मला माहीत होतं.
बंदीचा सातवा आठवडा, तिचा नातू तापातून उठलेला,
आणि बोरूच्या कुंपणातून माझ्या अंगणात आलेला
टोमॅटोत शिजणाऱ्या अष्टपादाचा वास.
दुसऱ्याच दिवशी, ह्याच चिंचेखाली,
तिनं वेलोंजाराच्या भाच्याला दहा हजार लावले,
पापणी न लववता.
मी वहीत लिहून घेतले. अक्षर नेहमीसारखंच आलं.

आयत्या वेळचे विषय, असं मी लिहिलं.
आणि पुढे : काही नाही.
सभा संपली. स्टूल तसंच राहिलं.
नवं कुलूप आलं, किल्ली लिनाहच्या गळ्यात गेली.
तिला ती अजून टोचते, सारखी बाजूला सारते.

नियमाची पुढची ओळही माझ्याच हातची आहे :
पाहून गप्प बसणाऱ्याला निम्मा.
मी काही पाहिलं नव्हतं, फक्त वास आला होता.
ही पळवाट मी तीन रात्री चालून पाहिली.

चौथ्या रात्री अध्यक्षांच्या घरी गेलो,
अंधारात बोटांनी झाकणावरची फट शोधली.
नोट नाण्यासारखी वाजत नाही.
त्सिआवी चटईवर, डोळे मिटलेले.
‘वारा,’ त्यांनी विचारलं, ‘की माणूस?’
मी म्हणालो, वारा.

उद्या खडक खुला होणार,
बायका पहाटेच भाले घासून बसल्यात.
आणि ह्या शेवटच्या खोट्याला दंड किती,
ते नियमांत कुठेच नाही.