पंधरावा आवाज

दर मंगळवारी पावणेदहाला
मी म्युरिएलबाईंच्या पायाची पट्टी बदलायला जाते.
लिंकनशरमधलं स्कॅल्थॉर्प, वीटभट्टीमागचं शेवटचं घर.
पुढे बिटाची सपाट शेतं,
आणि त्यांच्या मधोमध उगाचच रुंद असा एक रस्ता
जो कुठेच जात नाही.
धावपट्टी होती ती. आता तिच्यावर कोंबड्यांच्या शेड आहेत.

जखम मोजावी लागते. लांबी चार, रुंदी अडीच.
त्या तोंड फिरवतात. दुखतं म्हणून नव्हे.
या घरात कुणी काही मोजत नाही,
हे कळायला मला सहा मंगळवार लागले.

लायनेल त्यांचा भाऊ. एकोणीस वर्षांचा.
चणीने बारका, म्हणून विमानाच्या शेपटात
काचेच्या बुडबुड्यात बसवलेला, पाठमोरा,
चार बंदुका आणि गुडघ्यांना टेकलेली थंडी.
जे मागे पडलं तेवढंच दिसायचं त्याला.
त्याआधी मोच्याकडे उमेदवारी.
रविवारी चॅपलमध्ये ऑर्गनचा भाता हाणायचा
आणि प्रवचन लांबलं की भात्यालाच टेकून झोपायचा.
म वर अडखळायचा.
"तो म्... म्... करेपर्यंत
मी अंगणातून आत येऊन उभी असायचे."
विमानात मात्र एकदाही नाही.
"डावीकडे! बुडी मार!" एका दमात, लख्ख.
सात जणांचे जीव होते त्या जिभेवर.

रजेवर आला तेव्हा आठ वर्षांच्या म्युरिएलने विचारलं,
वरून काय दिसतं?
"शेगडीतले निखारे फुंकल्यावर दिसतं तसं."
आणि त्यात काय असतं?
तो बुटाला पॉलिश करत होता. करतच राहिला.
"म्... म्..."
आई म्हणाली, पुरे गं, चहा निवतोय.
"माणसं म्हणायचं होतं त्याला,
की नुसतं माझं नाव?
ऐंशी वर्षं झाली. ठरत नाही."

नेमणूक घरापासून तीन मैलांवर मिळाली होती.
नशीब काढलं पोराने, म्हणाले सगळे.
म्हणून आई मोजायची.
संध्याकाळी मागल्या दारात, धुराड्यावरून जाणारा
एकेक आवाज, एकेक कपड्याचा चिमटा
ॲप्रनच्या डाव्या खिशातून उजव्या खिशात.
पहाटे उलट.

त्या डिसेंबरात धुकं असं की
दारातून कुंपण दिसेना.
गेली होती पंधरा.
आईने चिमटे परत टाकले. बारा. तेरा. चौदा.
मग बराच वेळ काही नाही.
मग लांबून, खालून, अगदी धुराड्याला घासून
पंधरावा.
आईने कडी लावली, ॲप्रन सोडला,
आणि कपड्यांनिशी गाढ झोपली.
तार आली तेव्हाही झोपलीच होती.

ईस्टरच्या सुमाराला एक वैमानिक सायकलवरून आला,
टोपी हातात, कानाला पोळल्याचा डाग.
तारेखालच्या चिमट्यांकडे बघून त्याने विचारलं,
आणि सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला,
बाई, धावपट्टी सापडेना म्हणून
मी दोनदा घिरटी घातली त्या रात्री.
ती दुसरी माझी.
आईने त्याला दोन अंडी दिली. उकडून, कागदात.
मे महिन्यात तोही गेला.

त्यानंतर आईने सुटे पैसे मोजून घेतले नाहीत,
विणताना टाके नाहीत, केकवरच्या मेणबत्त्या नाहीत.
चिमटे मूठभर उचलायची, उरले तर उरले.

लायनेलचं काहीच परत आलं नाही.
मोच्याकडे त्याची एक ऐरण होती, ती आली.
दार अडकवायला ठेवली आहे, मी रोज ठेचकाळते.

पहिल्या दिवशी फाइलमधलं नाव वाचताना
माझीही जीभ अडली होती,
म्यु... म्युरि...
त्यांनी झटकन मान वर केली होती.
आता सराईतपणे म्हणते. त्यांना ते फारसं आवडत नसावं.

आज पट्टी बांधून झाली, मी पेन काढलं.
खिडकीबाहेर बिटावर धुकं, शेडमधले दिवे पिवळे.
"आकडा गाडीत बसून लिही," त्या म्हणाल्या,
"आणि जरा हळू जा, रस्ता दिसणार नाही."